बिजासनचा माळ आणि इंदूरचे एरोड्रम

इंदुरात बडा गणपतीपाशी उभे राहून एखाद्या रिक्षावाल्याला 'विमानतळावर चल' म्हटले, तर तो क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहतो. 'एरोड्रम' म्हटले की लगेच मीटरकडे हात जातो. रस्ता एरोड्रम रोड, पोलीस ठाणे एरोड्रम थाना, आणि त्या बाजूला बंगले बांधलेली आपली मराठी मंडळीसुद्धा 'आम्ही आता एरोड्रमकडे राहतो' असेच सांगतात. जगातून हा शब्द जवळजवळ हद्दपार झाला. इंग्रजांच्या देशातही आता तो केवळ तांत्रिक कागदपत्रांतून भेटतो. इंदूरने मात्र तो नव्वद वर्षे जपून ठेवला आहे. शब्द टिकतात तेव्हा त्यांच्यामागे काहीतरी घडलेले असते, आणि त्या घडलेल्याचा माग काढावा असे गेली काही वर्षे मनात होते.

निमित्त झाले ते एका घरगुती समारंभातील वादाचे. एका ज्येष्ठ गृहस्थांनी अभिमानाने सांगितले की, इंदूरचा विमानतळ आपल्या होळकर महाराजांनी बांधला. त्यावर पुण्याहून आलेला एक तरुण अभियंता म्हणाला, 'काका, विमानतळ केंद्र सरकारचा असतो. संस्थानिकांचा काय संबंध?' जेवणे होईपर्यंत वाद चालला आणि श्रीखंडाबरोबर विरघळून गेला. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. प्रस्तुत लेखकाची नोकरी राज्य शासनाच्या महसूल खात्यात गेली. कोणती जमीन कोणाची, केव्हापासून आणि कोणत्या हुकमाने, हे विचारण्याची खोड त्यामुळे अंगवळणी पडलेली. त्याच खोडीने हा लेख लिहीत आहे.

आरंभ १९३५ पासून करावा लागतो. पण त्याआधी रेल्वेची एक गोष्ट आठवणे उचित होईल. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग यावा म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षे. मार्गाला लागणारी जमीनही दरबाराने विनामूल्य दिली. एका संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावे हा त्या काळचा नवलाचा व्यवहार होता, आणि आपल्या घरांतून तो आजही कौतुकाने सांगितला जातो. त्यातील मर्म असे की, दळणवळण दारात आले नाही तर शहर मागे पडते, हे या दरबाराला लवकर उमगले होते. पुढे तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी १९१८ मध्ये दरबाराला सादर केलेला अहवाल नगररचनेच्या अभ्यासकांत आजही वाचला जातो. नदी, नाले, गिरण्या, बागा, दाट वस्त्यांतील गल्ल्या यांचा इतका आपुलकीने विचार केलेला दुसरा अहवाल माझ्या वाचनात नाही. विमानाने प्रवासी नेण्याचा प्रश्न मात्र त्या वेळी हिंदुस्थानातील कोणत्याच शहरापुढे उभा नव्हता. महायुद्ध संपत होते आणि विमान म्हणजे लढाईचे यंत्र, एवढीच त्याची ओळख होती.

पुढच्या सतरा वर्षांत हे चित्र बदलले. १९२६ मध्ये तुकोजीराव पायउतार झाले आणि सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. १९३० मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेणारे ते हेच महाराज. त्यांच्या परदेशवाऱ्या आणि त्यांचा खर्च यांविषयी जुन्या मंडळींत दोन मते होती. माझे आजोबा, जे दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, ते या विषयावर बोलताना आवाज खाली करीत. पण नव्या यंत्रयुगाचे या राजाला भय वाटत नव्हते, एवढे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचे विमान आणले, हे सर्वश्रुत आहे. तेच टपाल मुंबईहून पुढे मद्रासकडे नेणारा वैमानिक होता नेव्हिल व्हिन्सेंट. इंग्रजांच्या हवाई दलातील हा माजी अधिकारी हिंदुस्थानात विमानाच्या कसरती दाखवीत फिरला होता, आणि टपालसेवेची मूळ कल्पना टाटांकडे घेऊन जाणाराही तोच. टाटांच्या हवाई व्यवसायाचा पाया घालण्यात जे.आर.डी.च्या बरोबरीने त्याचा वाटा होता. १९४२ च्या जानेवारीत इंग्लंडहून परतताना त्याचे विमान बेपत्ता झाले आणि त्याचे नाव हळूहळू विस्मृतीत गेले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, १९३५ मध्ये होळकर दरबाराने एरोड्रमसाठी जागा शोधायचे ठरविले तेव्हा सल्ल्यासाठी टाटा सन्सच्या याच व्हिन्सेंटला विचारले, आणि दोघांच्या विचाराने शहराच्या पश्चिमेचा बिजासनचा माळ मुक्रर झाला.

जागेची निवड ही सोपी गोष्ट नव्हती. माळव्याची काळी माती गव्हाला, हरभऱ्याला आणि कपाशीला माऊली. पण बांधकामाला वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर भेगा पडतात. आजोबांच्या भाषेत, 'काळीवर भिंत उभी राहते, पण सरळ उभी राहत नाही.' त्या काळी धावपट्टी म्हणजे दाबून घट्ट केलेले सपाट मैदानच असे. पावसाळ्यात चिखल झाला की विमान उतरणे बंद. खुद्द टाटांना जुहूच्या मैदानाचा असा अनुभव होता. पावसाळ्यात तेथे दलदल होत असल्यामुळे त्या महिन्यांत त्यांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने मुरमाड, उंचवट्याच्या, पाणी निथळून जाणाऱ्या जमिनीकडे बोट दाखवावे हे स्वाभाविक होते, असा माझा तर्क आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६४ मीटर उंचीचा हा भाग. शेजारी बिजासनमातेची टेकडी. भोवती पूर्वी रान होते आणि तेथे काळवीट दिसत, असे जुने लोक सांगत. शहरापासून पाच मैलांचे अंतर तेव्हा फार वाटत होते. आज त्याच पाच मैलांत एक हात मोकळी जागा शोधून सापडत नाही.

संस्थानिक आणि विमान ही जोडी त्या दशकात इतरत्रही दिसते. जोधपूरच्या उमेदसिंहांचा विमानांचा नाद प्रसिद्धच आहे. निजामाच्या राज्यात बेगमपेठचा विमानतळ उभा राहिला, आणि आपल्या कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ च्या सुमारास विमान उतरू लागले. काहींच्या लेखी तो शौक होता, काहींच्या लेखी प्रतिष्ठा. इंदूरच्या बाबतीत मात्र व्यापाराचा भाग मोठा होता, असे मला वाटते. कापडगिरण्या, सराफा, सट्टाबाजार यांनी गजबजलेल्या या शहराला मुंबईचा भाव एक दिवस आधी कळणे म्हणजे काय, हे मल्हारगंज आणि तुकोगंजच्या पेढ्यांना शिकवावे लागत नव्हते. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली हवाई सेवा सुरू झाली ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर या मार्गाने. प्रवासी दोन-चार आणि टपालाच्या पिशव्या अधिक, असे तिचे स्वरूप. नकाशा पाहिला तर ध्यानात येते की तिन्ही थांबे तीन संस्थानांच्या राजधान्या आहेत. ब्रिटिश मुलुखातून न जाता संस्थानांच्या अंगणांतून उड्या मारीत दिल्ली गाठणारा हा हवाई मार्ग होता.

पुढे दुसरे महायुद्ध, मग स्वातंत्र्य, मग संस्थानांचे विलीनीकरण. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्याचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि इंदूरचे होळकर उपराजप्रमुख. कारभार काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला, अशी दोन राजधान्यांची तडजोड. कारकुनांच्या दोन-दोन बिऱ्हाडांच्या आणि फायलींच्या पेट्यांच्या रेल्वेप्रवासाच्या कहाण्या आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ऐकायला मिळतील. पुढे दोनच महिन्यांनी, म्हणजे जुलै १९४८ मध्ये, इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबई अशी नियमित विमानसेवा सुरू झाली. याला योगायोग म्हणावयास माझे मन तयार होत नाही. दोन शहरांत विभागलेल्या राज्याला मंत्री आणि सचिव यांना हलविण्यासाठी जलद साधन हवे होते. इंदूरची पहिली नियमित प्रवासी विमानसेवा व्यापाऱ्यांइतकीच राजकीय तडजोडीची अपत्य होती, असे माझे मत आहे.

आणि मग १ एप्रिल १९५०. त्या समारंभातील तरुण अभियंत्याचे म्हणणे ज्या दिवसापासून खरे ठरते तो हा दिवस. संस्थाने राजकीय दृष्ट्या विलीन झाली, तरी त्यांच्या तिजोऱ्या, जकाती, रेल्वे, टपाल, सैन्य यांचा प्रश्न शिल्लक होता. सर व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यास केला आणि संघराज्यीय वित्तीय एकीकरणाची योजना त्यातून निघाली. जे विषय राज्यघटनेने केंद्राकडे सोपविले, त्या विषयांची संस्थानी खाती आणि मालमत्ता केंद्राकडे गेली. हवाई मार्ग आणि विमानतळ हा विषय सातव्या परिशिष्टातील संघसूचीत आहे, क्रमांक २९. ग्वाल्हेरची छोटी रेल्वे ज्या योजनेने गेली त्याच योजनेने एप्रिल १९५० मध्ये बिजासनचे एरोड्रमही भारत सरकारच्या ताब्यात आले. ना कोणती लढाई, ना कोणता समारंभ. एका खात्याच्या यादीतून नाव कमी झाले आणि दुसऱ्या खात्याच्या यादीत चढले. आजोबा मात्र शेवटपर्यंत 'दरबारचे एरोड्रम' असेच म्हणत राहिले, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांना दर वेळी दुरुस्त करीत. तीस-पस्तीस वर्षे चाललेला तो वादच परवा पुन्हा श्रीखंडाच्या पंगतीत ऐकायला मिळाला, एवढेच.

एरोड्रमची माझी स्वतःची आठवण १९६६ ची आहे. मी सात वर्षांचा. नवरात्रात बिजासनच्या टेकडीवर जत्रा भरते. अण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून नेले. देवीचे दर्शन झाल्यावर त्यांनी टेकडीच्या कडेला उभे करून खाली बोट दाखविले. माळाच्या मधोमध एक लांबलचक, सरळ पट्टी होती. इतकी सरळ वस्तू मी तोपर्यंत पाहिली नव्हती. पुष्कळ वेळ थांबलो, पण विमान आले नाही. परतताना मी रडलो आणि अण्णांनी किल्ल्याच्या मैदानापाशी जिलेबी घेऊन दिली, हेही आठवते.

ती पट्टी म्हणजे मार्च १९६६ मध्ये पुरी झालेली नवी धावपट्टी. लांबी ५६०० फूट. जड विमानांसाठी जुनी पट्टी अपुरी पडू लागली होती. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्मली, तेव्हा तिचा भार युद्धकाळातील डकोटांवर होता. डकोटा कशाही मैदानावर उतरे. पुढे व्हायकाउंट, फॉकर फ्रेंडशिप अशी मोठी आणि वेगवान विमाने आली. त्यांना पक्की, लांब पट्टी हवी होती.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण धावपट्टीच्या लांबीमागचे गणित मला निवृत्तीनंतर एका परिचित अभियंत्याने समजावून दिले आणि तेव्हापासून विमानात बसण्याची माझी तऱ्हाच बदलली. विमानाला उचलते ती हवा. हवा जितकी विरळ, तितका वेग अधिक घ्यावा लागतो आणि तितके अधिक धावावे लागते. उंचीवर हवा विरळ, आणि तापलेली हवाही विरळ. आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की, समुद्रसपाटीच्या मानाने दर ३०० मीटर उंचीला पट्टीची लांबी सुमारे ७ टक्के वाढवावी, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश ऊन अधिक, तितके टक्के आणखी वाढवावी. इंदूरची उंची ५६४ मीटर, म्हणजे सुमारे १३ टक्के वाढ. या उंचीचे प्रमाण तापमान सुमारे ११ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४० अंश, म्हणजे आणखी २९ टक्के. समुद्रकाठी थंड हवेत ज्या विमानाला ५००० फूट पुरतील, त्याला इंदूरच्या मे महिन्यात सुमारे ७३०० फूट लागतात. 'माळव्याची रात्र' थंड म्हणून आपण मिरवतो. माळव्याची दुपार विमानाला जड जाते.

त्यामुळे ५६०० फूट पुरे पडणार नव्हतेच. पट्टी वाढत गेली आणि आज ती २७५४ मीटर, म्हणजे ९००० फुटांच्या थोडी वर आहे. तिच्या दोन टोकांवर ०७ आणि २५ असे आकडे रंगविलेले असतात. पुष्कळांना तो पट्ट्यांचा अनुक्रमांक वाटतो. वास्तविक ती दिशा आहे. उत्तरेपासून ७० अंश आणि २५० अंश, शेवटचे शून्य गाळून. पट्टी पश्चिम-नैऋत्येकडे रोखलेली आहे, आणि ज्याने माळव्यातला पावसाळा अंगणात बसून काढला आहे त्याला सांगावे लागत नाही की वारा तिकडूनच येतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि उतरते. पाखरांचेही तसेच.

पट्टी वाढते म्हणजे जमीन लागते, आणि येथे माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नव्वदच्या दशकात माझ्यासमोर एका सुनावणीत एरोड्रमच्या बाजूच्या एका गावचा वृद्ध शेतकरी उभा राहिला. त्याच्या जमिनीचा एक तुकडा सार्वजनिक कामासाठी गेला होता आणि मोबदल्याच्या यादीत त्याच्या वडिलांचे नाव चुकीचे पडले होते. एका अक्षराचा फरक, पण त्या अक्षरापायी तो सहा वर्षे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होता. आपला हक्क दाखवायला त्याने फडक्यात गुंडाळलेला एक जुना कागद पुढे केला. कागद मोडीत होता. कचेरीत कोणालाच तो वाचता येईना. पेशकार म्हणाला, 'साहेब, हे उर्दू असावे.' मला हसू आले आणि लगोलग लाजही वाटली, कारण मोडी मलाही धड येत नव्हती. शेतकऱ्याच्या संमतीने कागदाची नक्कल घेऊन मी ती घरी आणली. अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. त्यांनी भिंग घेतले, खिडकीपाशी बसले आणि अर्ध्या तासात सर्व वाचून दाखविले.

त्या कागदात त्या शेतकऱ्याच्या आजोबांचे नाव होते, स्वच्छ. त्याचे काम झाले. परंतु त्याच कागदात गावच्या माळाचाही उल्लेख होता : अमुक नाल्यापासून अमुक खडकापर्यंत गुरे चारावीत, कोणी नांगर घालू नये. म्हणजे चराई, ज्याला येथे चरनोई म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी त्या वृद्धाला विचारले की तो माळ आता कोठे आहे. तो म्हणाला, 'वो तो सरकार में गया। उसका मुआवजा किसको मिलता? वो तो गायों का था।' महसूल खात्यात एवढी वर्षे काढूनही हा हिशेब माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. नकाशावर जी जमीन 'पडीक' म्हणून पांढरी सोडलेली असते, ती कोणाची तरी असतेच. फक्त तिच्यावर एकाचे नाव नसते, म्हणून ती घेणे सोपे जाते. विमानतळ, छावण्या, कारखाने, वसाहती यांना लागलेली जमीन अनेकदा याच पांढऱ्या रकान्यातून आलेली आहे. विकासाला माझा विरोध नाही. मी स्वतः त्या विमानतळावरून मुलाला भेटायला जातो. पण इतिहास लिहायचा तर दरबार, टाटा आणि केंद्र सरकार यांच्या जोडीला त्या गाईंचीही नोंद करावी लागेल.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांविषयी सांगण्यासारखे फार नाही. विमानसेवा होती, पण ती मोजक्यांची. आपल्यासारख्या घरांसाठी पुण्या-मुंबईला जाणे म्हणजे मीटरगेजने पाताळपाणी, कालाकुंडचे घाट उतरत खांडवा गाठणे आणि तेथे मध्यरात्री ट्रंका, गाद्या, लोणच्याच्या बरण्या घेऊन मोठ्या गाडीसाठी फलाट बदलणे. एरोड्रमला आपण जायचो ते कोणा मंत्र्याला, कीर्तनकाराला किंवा क्रिकेटपटूला पाहायला. त्या मैदानाचा खरा रोजचा उपयोग कोणी करीत असेल तर मध्य प्रदेश फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी. त्यांची छोटी विमाने घरघरत शहरावरून जात आणि आमच्या शाळेतील मास्तर दोन मिनिटे शिकविणे थांबवीत. कारभाराची पाटी मध्यंतरी दोनदा बदलली. १९८६ मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आले आणि १ एप्रिल १९९५ रोजी ते आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणात मिळून आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले. १९९४ मध्ये विमान महामंडळांचा जुना कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना पूर्ण वाट मोकळी झाली. इकडे पीथमपूरची औद्योगिक वसाहत वाढली, १९९६ मध्ये आयआयएम आले, २००९ मध्ये आयआयटी. जुन्या छोट्या इमारतीत उभे राहायला जागा उरली नाही.

फेब्रुवारी २०१२ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे १३५ कोटी रुपये, एका वेळी सुमारे ७०० प्रवासी सामावतील अशी रचना, आणि इमारतीतून थेट विमानात नेणारे एरोब्रिज. इंदूरकरांनी पहिले काही महिने ती इमारत लग्नाचा मांडव पाहावा तशी पाहिली. १९८९ ते २०१९ अशी सलग तीस वर्षे इंदूरचे लोकसभेत प्रतिनिधित्व सुमित्राताई महाजन यांनी केले. चिपळूणची माहेरवाशीण आणि इंदूरची सून म्हणून त्या आपल्या समाजाला घरच्याच वाटतात. जुन्या इमारतीपासून नव्या इमारतीपर्यंतचा प्रवास त्यांच्याच कारकिर्दीत झाला. २०१८ मध्ये विमानतळ चोवीस तास चालू लागला. त्या सभागृहातून निवृत्त झाल्या आणि थोड्याच आठवड्यांत, १५ जुलै २०१९ रोजी, एअर इंडियाचे विमान इंदूरहून थेट दुबईला गेले. शहराचे ते पहिले नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाण. एव्हाना वर्षाला तीस लाखांहून अधिक प्रवासी येथून ये-जा करीत होते, आणि सात वर्षांपूर्वी भव्य वाटलेली इमारत तोकडी पडू लागली होती.

त्यानंतर २०२० चा मार्च आला. २५ मार्च ते २५ मे असे दोन महिने देशभरातील देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली. आमच्या गच्चीवरून दिसणारे आकाश इतके रिकामे मी १९६६ च्या त्या जत्रेनंतर प्रथमच पाहिले. दुबईची सेवाही थांबली, पुढे पुन्हा सुरू झाली, आणि मार्च २०२३ पासून तिच्या जागी शारजाची सेवा आली. त्याच वर्षीच्या जानेवारीत प्रवासी भारतीय दिवसाचे संमेलन इंदुरात भरले, तेव्हा गयाना आणि सुरिनामचे राष्ट्राध्यक्ष येथे आले होते. बिजासनच्या माळावर दक्षिण अमेरिकेतील देशांचे प्रमुख उतरतील, ही कल्पना व्हिन्सेंटला सुचली असती का, कोण जाणे.

आता जागेची अडचण पुन्हा डोके वर काढते आहे. शहर पश्चिमेकडे चालत चालत पट्टीच्या पूर्वेच्या टोकापाशी येऊन ठेपले आहे. कालानीनगर, छोटा बांगडदा, गांधीनगर या वस्त्यांनी तिला वेढले आहे. दुसऱ्या बाजूला टेकडी आणि सीमा सुरक्षा दलाचा परिसर आहे. मध्यंतरी देवास जिल्ह्यात चापडा येथे नवा मोठा विमानतळ करावा असाही विचार निघाला होता. तसे कधी झालेच तर, तेथील चरनोईचा हिशेब कोणीतरी आधी मांडावा एवढीच एका जुन्या महसुली माणसाची विनंती.

नावाविषयी दोन शब्द. विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे नाव आहे आणि ते सर्वथा योग्य आहे. काशीपासून गयेपर्यंत यात्रेकरूंसाठी घाट, धर्मशाळा, विहिरी बांधणारी ही राज्यकर्ती. प्रवाशांच्या वास्तूला तिच्याइतके शोभणारे नाव इंदूरपाशी दुसरे नव्हते. तिचे जन्मगाव चौंडी ज्या जिल्ह्यात आहे त्या अहमदनगरलाही आता अहिल्यानगर म्हणतात. तिच्या त्रिशताब्दीच्या दिवशी, ३१ मे २०२५ रोजी, इंदूरच्या मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, तोही एरोड्रमच्याच बाजूला, गांधीनगरपासून. तथापि १९३५ मध्ये ज्यांच्या राज्यात ती जागा ठरली, त्या यशवंतरावांचा किंवा त्या वैमानिकाचा साधा उल्लेखही प्रवाशांपैकी शंभरात एकाला ठाऊक नसेल. प्रतीक्षालयात एखादी छोटी पाटी लागली तर फार खर्च येणार नाही.

मागच्या दिवाळीनंतर मुलगा आणि नातू पुण्याला परत निघाले, तेव्हा त्यांना सोडायला गेलो होतो. नातवाने रिक्षात विचारले, 'आजोबा, सगळे याला एरोड्रम का म्हणतात?' त्याला उत्तर द्यायला वेळ अपुरा पडला. तोच हा लेख. जाता जाता सभासदांस एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील दरबारच्या बांधकाम, टपाल, महसूल या खात्यांत होते. रामबाग, नारायणबाग, स्नेहलतागंज येथील घरांच्या माळ्यांवर ट्रंका अजून असतील. घर पाडून इमारत उठवायची वेळ आली की त्या ट्रंका आधी रद्दीत जातात. १९३५ ते १९५० मधील एरोड्रमचे छायाचित्र, नेमणुकीचा हुकूम, मोजणीचा नकाशा, विमानटपालाचे एखादे पाकीट, जे हाती लागेल ते फेकण्याआधी संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. मोडीत असले तरी आणावे. वाचून देणारे दोघेतिघे अजून आहेत.